घाटावरचं गाऱ्हाणं

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्यांना भूत लागलंय असं मी ठरवलं आणि अख्ख्या गावासमोर देवाला कौल लावला. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको. तेव्हा मी काही कोवळी नव्हते. पन्नाशीला टेकले होते, घरात सून होती, नात बालवाडीत जात होती. अक्कल यायची सगळी वयं येऊन गेली होती, पण त्यांतल्या एकानेही माझ्या दारात चप्पल काढली नव्हती.

वाडीतल्या बायांनो, तुम्ही त्या दिवशी देवळात होतात. पदर तोंडाला लावून हसत होतात, मी पाहिलंय. आणि माझ्यासारख्या वाडी सोडून मुंबईला, वास्कोला, कुवेतला गेलेल्यांनो, तुम्हाला ही गोष्ट फोनवर कळलीच असणार, मीठमसाला लावून. आता माझ्या तोंडून ऐका. मीठ माझ्याकडेही आहे.

अठ्ठ्याण्णव साली गणपती पोचवले आणि आम्ही निघालो. तिठ्यावर अर्धी वाडी आली होती. मी अशी रडत होते की नव्या नवरीने लाजावं. जावेच्या गळ्यात पडले, शेजारणीच्या गळ्यात पडले, शेवटी एक परकी बाई नुसती एसटी पकडायला उभी होती, तिच्याही गळ्यात पडले. ती बिचारी म्हणाली, "होय गो होय," आणि आपली पिशवी सांभाळत राहिली. आणि माझे यजमान सामानाच्या दोऱ्या आवळत होते. सुक्या बांगड्यांचा डबा, कोकमांची बरणी, नारळांचं पोतं, सगळं रापणीच्या दोराने बांधलेलं. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून अर्धी बाहेर होते. ते ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसले होते. किनारा डाव्या हाताला बराच वेळ दिसत राहतो, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मान वळवली नाही.

मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. डोळे पुसत पुसत मी पुढच्या बाकावरच्या बाईला म्हटलं, "आमचे हे दगड आसत हां. दगड!" जशी काही सरकारने दिलेली पदवी.

दगडाची आवड मला सासूने लावली. ती म्हणायची, "दादल्याच्या डोळ्यांत पाणी इला, तर होडयेक भोक पडला म्हणान समाज." आमच्याकडे बाईने रडायचं, भांडायचं, हसायचं, आणि पुरुषाने दोर ओढायचा. माझे यजमान तर रापणीचे तांडेल. होडीने जाळं लांब गोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. तीस-चाळीस माणसं त्यांच्या एका हाकेवर ओढायची आणि एका हाकेवर थांबायची. वाडी त्यांना तांडेलच म्हणायची, म्हणून मीही इथे तेच लिहिते. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, आणि आता ती लावून घ्यायचं वय नाही.

हा माणूस घरात बोलायचा ते "जेवण झाला?" आणि "दिवो काड." पण नारळी पुनवेनंतरची पहिली रापण घालायच्या वेळी गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. वाळूत नारळ ठेवून, समुद्राकडे तोंड करून, देवाला हाका मारून ते सगळ्या वाडीचं दुखलंखुपलं सांगायचे. अमक्याची होडी फुटली, तमकीच्या पोराला ताप सुटत नाही, सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा. आणि मागची माणसं एका गळ्याने "व्हय म्हाराजा!" म्हणायची. ते "व्हय" आम्हाला माडांपलीकडे ऐकू यायचं. शब्द ऐकू यायचे नाहीत. नारळ फुटेपर्यंत बायकांनी वाळूवर उतरायचं नाही, ही आमच्या वाडीची रीत. त्यानंतर टोपल्या घेऊन आम्ही जायचो आणि मासळीवर तुटून पडायचो. आमच्या नवऱ्यांनी देवाला काय सांगितलं, हे विचारायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही. मला बांगड्यांची पडली होती.

आणि एक गोष्ट, जी आमच्या घरात कुणी बोलत नसे. आमचा मुलगा दिनेश व्हायच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. शेवंती. चार वर्षांची असताना एका थंडीत तापाने गेली. मी खोपीच्या कोपऱ्यात बसून महिनेच्या महिने रडले. तांडेल तिसऱ्या दिवशी रापणीवर गेले. संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि विचारलं, "जेवण झाला?" त्या दिवसापासून दगड हा शब्द मी दोन तऱ्हेने वापरत आले. लोकांसमोर कौतुकाने, आणि मनात तो त्यांच्या डोक्यात घालायच्या इच्छेने.

पुढे समुद्रच आटला म्हणायचा. मोठे ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत घुसायला लागले आणि रापणीत जेलीफिश आणि प्लास्टिक यायला लागलं. दिनेश चिंचवडला कंपनीत लागला होता. त्याला मुलगी झाली, सूनबाईला बँकेत परत रुजू व्हायचं होतं. त्याने फोन केला, "आई, तुम्ही दोघं या इकडे." झालं. सायलीला सांभाळायला म्हणून गेलो ते तिकडचेच झालो.

चिंचवडच्या तिसऱ्या मजल्यावर पहिल्या दिवशी दिनेशने सामान सोडायला घेतलं. तांडेलांनी मारलेल्या गाठी त्याला सुटेनात. तांडेल बाथरूममधून बाहेर येईपर्यंत त्याने सुरी घेऊन दोर कापून टाकले होते. कापलेले तुकडे गोळा करून त्यांनी कपाटामागे ठेवले. सून म्हणाली, "बाबा, कचऱ्यात टाकू का?" ते म्हणाले, "रवांदे."

मी मात्र वर्षभरात रुळले. आधी सोसायटीतल्या बायकांना मासे निवडून द्यायची, मग मंडईत चक्क बसायलाच लागले. पहाटे ट्रक यायचा, बर्फात घातलेले आमच्याकडचेच मासे. मी सुरमईला ओळखायचे, सुरमई मला. मालवणी आजी म्हणून माझं नाव झालं. चेअरमनची बायको मला गाडीतून घरी सोडायची. गावाला समुद्र तांडेलांचा आणि टोपली माझी, असा संसार होता. इथे समुद्र नव्हता, नुसती टोपली उरली, म्हणजे सगळं राज्य माझंच. "बर्फ आणा." "पाटी उचला." "तराजू धुवा." चाळीस माणसांना हाक घालणारा माणूस माझ्या हाकेवर बर्फ आणत होता, आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. शेवंतीच्या वेळचा कुठला तरी हिशेब मी त्या बर्फावर चुकता करत होते.

सायली चार वर्षांची झाली, तिचे केस खांद्याखाली उतरले. सकाळी मी मंडईत, सून-मुलगा कामावर जायच्या घाईत, म्हणून तिची वेणी आजोबांकडे आली. पहिल्या दिवशी त्यांनी कंगवा असा धरला की जणू वल्हं. पण त्यांनी वेणी घातली ती दोर वळतात तशी, तीन पदरी, शेवटाला आत मारलेली गाठ. रबरबँड नको की क्लिप नको. शाळेतल्या बाई सुनेला म्हणाल्या, "संध्याकाळी बाकीच्या मुली भुतासारख्या घरी जातात, तुमची एकटी जशी येते तशीच जाते." सायली मिरवत सांगायची, "माझे आबा रस्सी करतात."

त्याच दिवसांत मी एकदा मंडईतून लवकर आले. सायली शाळेत गेलेली. तांडेल खिडकीपाशी बसलेले, हातात कंगवा, कंगव्यात दोन बारीक केस, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. आवाज नाही, हुंदका नाही. नळ नीट बंद केला नाही तर गळतो तसं.

मी घाबरले. "काय झाला ओ?"

"काय नाय. डोळ्यात काय तरी गेला."

दोन दिवसांनी पुन्हा गेलं. मग रोजच काही तरी जायला लागलं. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने बॅटरी मारून पाहिलं आणि थेंब दिले. तांडेल आज्ञाधारकपणे दिवसातून तीनदा थेंब घालायचे आणि त्या थेंबांसकट रडायचे. मी मीठ-मिरच्या ओवाळल्या. सोसायटीभर खोकला झाला, पाणी थांबलं नाही.

सून साताऱ्याकडची, शांत मुलगी. ती आणि दिनेश रोज जेवण झाल्यावर गॅलरीत बोलत बसायची. एवढं काय बोलतात, याचं मला हसू यायचं. आमच्या सबंध संसारातली वाक्यं त्यांनी एका उन्हाळ्यात संपवली असती. ती मला म्हणाली, "आई, रडले तर रडले. माणूस आहेत ते. जवळ बसा जरा त्यांच्या."

"जवळ बसान काय करू? पाणी मोजू?" असं म्हणाले मी. शहाणी ना!

आणि एका सकाळी तर त्यांनीच सांगितलं. मी पाटी उचलत होते. ते म्हणाले, "बस गो वायच."

लग्नापासून त्या माणसाने मला कधी बस म्हटलं नव्हतं. जेवायला वाढ म्हटलं असेल, सरक म्हटलं असेल. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "बसान कसा चलात? बर्फ इरघळता," आणि चालू पडले. लिफ्टचं दार बंद होताना ते कंगवा हातात घेऊन दारात उभे दिसले. ते चित्र मी पुढे किती वेळा पाहिलं असेन. त्या दिवशी मात्र वाटेत माझ्या डोक्यात एकच विचार, की हा माणूस असं बोलायला लागला म्हणजे नक्कीच बाहेरचं काही तरी आहे. शाळेच्या वाटेवर नाला होता, नाल्यावर कुणी तरी उतारे टाकायचं. ओलांडला असणार एखादा लिंबू. आता घाटावरच्या भुताला इथला भगत चालला असता, पण माझा विश्वास आपल्याच देवावर. जत्रा जवळ आली होती. मी म्हटलं, गावाला जाऊन येऊ. त्यांचा चेहरा उजळला. कशासाठी नेते आहे, ते मी सांगितलं नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देऊळ भरलेलं होतं. तांडेल दर्शनाच्या रांगेत हात जोडून उभे, जुनी माणसं भेटत होती, पाठीवर थापा पडत होत्या. मी पुढे जाऊन गुरवाला नारळ दिला आणि म्हटलं, "आमच्या ह्यांका बाधा झालीहा. कौल लावा." हळू म्हणायचं होतं. पण मंडईत ओरडून ओरडून माझ्या गळ्याला हळू ठाऊक राहिलं नव्हतं.

गुरवाने त्यांना पुढे बोलावलं, देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी फुलांच्या पाकळ्या लावल्या, आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू घाटार पोट भरूक गेलेला. तेच्या डोळ्यांचा पाणी थांबणा नाय. रोज रडता. बाधा आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणताना अर्ध्यांना हसू फुटलं होतं. मागून कुणी तरी म्हणालं, "तांडेलानू, घाटार दर्यो नाय म्हणान घरातच काडलास काय ओ?" सगळं देऊळ खदखदलं.

डावी पाकळी पडली.

आता तरी गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "परत लावा. देवाक नीट आयकाक इला नसात."

परत डावीच. गुरव म्हणाला, "बाये, देव बहिरो नाय."

तांडेल हात जोडूनच उभे होते. कान तेवढे लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. त्यांनी गुरवाला विचारलं, "झाला मा?" आणि वाकून नमस्कार करून, माणसांतून वाट काढत बाहेर निघून गेले. याच माणसांनी त्यांच्या हाकेवर दोर ओढला होता.

मी मागोमाग बाहेर आले तर पारावर भिकूतात्या बसलेले. रापणीत वर्षानुवर्षं तांडेलांच्या शेजारी उभं राहून ओढणारा हा म्हातारा. ते हसत नव्हते.

"ह्या काय केलंस गो?"

"तेंच्या डोळ्यांतसून पाणी येता तात्यानू. कधी नाय ता..."

"कधी नाय? तो हय आसताना दर वर्सा येय. पयल्या रापणीक गाऱ्हाणा घालताना तो शेवंतीचा नाव घेता, तेव्हा येता. आमी सगळे बगतो, व्हय म्हाराजा म्हणतो आणि दोराक हात घालतो." माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. "तुका ठावक नाय?"

नव्हतं ठाऊक. माडांपलीकडे टोपली घेऊन उभी राहून मी ते "व्हय" वर्षानुवर्षं ऐकलं होतं. माझ्या मुलीचं नाव वाळूवर घेतलं जात होतं, वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला ते माहीत होतं, आणि मी बांगडे मोठे आलेत की बारीक याची वाट बघत होते.

तुम्हाला वाटेल मला दया आली. छे! आधी राग आला. माझ्या पोटची पोर, तिच्यासाठी रडायला यांना चाळीस माणसं मिळाली, आणि मला खोपीचा कोपरा? देवाला सांगितलं, भिकूतात्याला सांगितलं, मला सांगायला काय जीभ झडली होती? परतीच्या एसटीत मी तेच विचारलं. "माका कित्याक सांगूक नाय?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. घाट चढून गेलो, कोल्हापूर आलं, चहा आला, चहा निवला. मग कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. सायली चार वर्षांची. शेवंतीही चारच वर्षांची होती. सायलीचे केस. कंगवा. बस गो वायच. जे वाळूवर उभं राहून देवाला सांगायचे, ते सांगायला चिंचवडात वाळू नव्हती, मागे उभी राहणारी माणसं नव्हती. होती ती एक मी. त्यांनी मला बस म्हटलं होतं.

घरी आल्यावर तांडेलांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं. तेवढ्यावरून मी म्हणू शकले असते की कौल लागू पडला. पण त्या दिवसापासून त्यांनी सायलीची वेणी घातली नाही. "माका जमना नाय," एवढंच म्हणाले. पोर कंगवा घेऊन त्यांच्या गुडघ्यांना लोंबायची. ते तिचा हात सोडवून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसायचे. शेवटी सुनेने तिचा बॉबकट करून आणला. सायली आरशासमोर उभी राहून रडली. सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "असू दे, उन्हाळ्यात बरं."

खरं तर ते केस मीच कापले होते.

मग मी माफी कशी मागावी? आमच्याकडे ती वस्तू नव्हतीच. सॉरी हा शब्द मी मंडईत गिऱ्हाइकाला दहा वेळा म्हणायचे, पण घरी तो तोंडातून निघेना. पुढल्या नारळी पुनवेनंतर, गावात पहिली रापण घालतात त्या दिवशी, मी एक नारळ त्यांच्यासमोर ठेवला. "गाऱ्हाणा घाला. व्हय म्हणाक मी आसंय." त्यांनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बाथरूमच्या उंबऱ्यावर फोडला, दोन्ही वाट्या माझ्या हातात दिल्या आणि खाली निघून गेले. त्या दिवशी सोलकढी फार झाली. पुढच्या वर्षी पुन्हा ठेवला. पुन्हा सोलकढी. एका वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकू काय आपटताय म्हणून विचारायला आल्या. त्यांनाही सोलकढी दिली. दिनेश म्हणायचा, "आई, कशाला त्यांच्या मागे लागतेस?" त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याला बहीण होती हे त्याने माझ्याकडून एकदा कधी तरी ओझरतं ऐकलं होतं, तेवढंच. अशी वर्षं गेली. आम्ही भांडत नव्हतो. भांडण असतं तर सोबत झाली असती.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात मी मंडईत बर्फाच्या पाण्यावरून घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. टोपली तांडेलांकडे गेली. ते वाट्यावर वाटा वाढवून द्यायचे, घासाघीस कुणाशी नाही, आणि गिऱ्हाइकं म्हणायला लागली की आजींना निवांत बरं होऊ द्या. राज्य गेलं ते गेलंच. वर एका हाताने मला स्वतःचे केस बांधता येईनात. सून सकाळी घाईत असायची. मी दोन दिवस झिपऱ्या तशाच ठेवून बसले, आरशात बघून स्वतःलाच घाबरले.

तिसऱ्या सकाळी मागून आवाज आला. "बस गो वायच."

बसले. या वेळी बर्फ वितळत होता की नाही मला माहीत नाही. ते मागे स्टुलावर बसले आणि माझे पांढरे केस विंचरायला लागले. एवढी वर्षं दोराने घासलेले हात, पण एक केस ओढला गेला नाही. वेणीचे तीन पदर पाडताना ते बोलायला लागले. आधी नुसतं समुद्राचं. या दिवसांत पाणी कसं लाल होतं, वारा कुठून फिरतो. मग शेवंतीवर आले, "चेडवाचे केस तुझ्यासारकेच होते. उजवीकडे भोवरो."

मी मागे वळून पाहिलं नाही. आयुष्यात शहाणपणाची म्हणून मोजावी अशी ही माझी एकच गोष्ट. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, मला त्यांचं, म्हणून ते बोलत होते. मानेवर एक थेंब पडला. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव मी काढलं नाही.

प्लास्टर होतं तोवर रोज वेणी झाली. प्लास्टर निघाल्यावरही मी थोडे दिवस हात दुखतो म्हणून सांगितलं. लबाडी माझ्या रक्तातच आहे. पण सगळं गोड झालं असं समजू नका. मधेच ते आठ-आठ दिवस पुन्हा मिटायचे. अजूनही मिटतात. सायली मोठी झाली, तिचे केस आता ती स्वतः बांधते, आणि आजोबांनी आपली वेणी अचानक का सोडली हे तिने कधी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगायला मला तोंड शोधावं लागेल.

गावी घर आहे. किल्ली जावेकडे असते. मे महिन्यात जातो, कौलं शाकारतो, पाहुण्यासारखं जेवतो आणि परत येतो. पूर्वी घर कुठे म्हणून विचारलं की मी समुद्राकडे बोट दाखवायचे. इथे समुद्र कोणत्या बाजूला हे लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मला आजही कळत नाही. तांडेलांना कळतं. आमच्या गॅलरीतून समोरच्या दोन इमारतींच्या मधे एक चिंचोळी फट दिसते. ती दक्षिण, जरा पश्चिमेकडे झुकलेली. कोल्हापूर, घाट, फोंडा, सगळं ओलांडून त्या फटीच्या टोकाला आपली वाडी आहे, असं ते म्हणतात. माझं घर म्हणाल तर आता त्या फटीएवढं आहे. पण त्या फटीकडे तोंड करून उभं राहणाऱ्या माणसामागे मला उभं राहता येतं. गावात ते कधी जमलं नव्हतं.

हात मोडला त्या वर्षी पहिल्या रापणीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे नारळ ठेवला. यंदाही सोलकढीच, असं धरून आमसुलं भिजत घातली होती. तांडेलांनी कपाटामागून कापलेल्या दोराचे ते तुकडे काढले, गॅलरीच्या फरशीवर त्यांचं वेटोळं केलं आणि त्यावर नारळ ठेवला. मग फटीकडे तोंड करून हात जोडले. मी मागे जाऊन उभी राहिले. दिनेश आंघोळ करून टॉवेलवरच बाहेर आला होता, तो दारात थबकला.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. पहिल्यांदा आवाज फुटला, मग सरळ झाला. "हय दर्यो नाय, रापण नाय. जा काय आसा ता तुका सांगतंय. माझा शेवंती तुझ्याकडे ठेवलेला आसा. तेका थंडी लागाक देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या आवशीन येकट्यान रडान काडल्यान. मी तिच्याकडे जावक नाय. माका सुचूक नाय, भिती वाटली. ती चूक पदरात घी रे म्हाराजा."

याला मी काय म्हणणार होते? माझ्या पुढ्यात उभं राहून, माझ्याकडे पाठ करून, देवाला सांगितलेलं. मंडई गाजवणारा माझा गळा कुठे गेला कळेना. कसाबसा एक बारीक "व्हय" निघाला. दिनेशने बापाच्या तोंडून बहिणीचं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याच्या अंगावरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

तांडेलांनी नारळ फोडला. एक वाटी त्याच्या हातात दिली, एक माझ्या. मग त्यांनी दोराचे तुकडे गोळा केले, डोळे उघड उघड खांद्यावरच्या पंच्याने पुसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज केवढोसो काडलंस गो. फुडल्या वर्सा मोठ्यान म्हण. देव हयसून लांब आसा."